दादांच्या पोथीसाठी किती इंच?

दादांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन २८ मे २०२५ रोजी झालं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वीच झाला होता. त्यांच्यासाठी ई-बुक रीडर, म्हणजे कागदासारख्या स्क्रीनवर पुस्तकं वाचायचं यंत्र, घरात आला तो २२ नोव्हेंबरला. मधले सहा महिने मी किती इंचांची स्क्रीन घ्यायची या एकाच प्रश्नाभोवती फिरत होते. अंबाजोगाईत हे यंत्र हातात घेऊन बघायला मिळत नाही. दुकानदाराला विचारलं तर तो टॅब दाखवतो. आणि ओळखीत ज्यांच्याकडे रीडर आहे ते बहुतेक इंग्रजी कादंबऱ्या वाचणारे. जुनी मराठी पुस्तकं, स्कॅन केलेल्या पोथ्या आणि थकलेले डोळे असा ज्यांच्या घरचा मामला आहे, त्यांच्यासाठी जे घडलं ते तारखा आणि पैशांसकट लिहिते आहे.

दादा म्हणजे माझे वडील, वय ७६. तलाठी म्हणून लागले आणि मंडळ अधिकारी होऊन निवृत्त झाले. दिवसभर सातबारे आणि फेरफार, पहाटे पाचला पोथी, असं त्यांचं आयुष्य गेलं. पोथी आजोबांच्या वेळची. वर ओवी, खाली बारीक टायपात अर्थ. बांधणी सुटलेली, कागद चहाच्या रंगाचा झालेला, कडेला बोट लागलं की तुकडा पडतो. ऑपरेशननंतर डॉक्टर म्हणाले, दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढू, तोवर डोळ्याला ताण नको. त्या दीड महिन्यात दादा पहाटे पोथी उघडून बसायचे आणि डोळे मिटून पाठ म्हणायचे. मी चहा घेऊन गेले की बघायचे, म्हणता म्हणता ते बरोबर त्या ओवीला पान उलटायचे. तेव्हा मला त्याचं नुसतं कौतुक वाटलं. त्याचा स्क्रीनशी काही संबंध असेल हे फार उशिरा कळलं.

१४ जुलैला नवा चष्मा आला. ओव्या दिसू लागल्या, पण खालचा अर्थ त्या पिवळ्या कागदावर काही केल्या लागेना. मी इंटरनेट अर्काइव्ह या जुन्या पुस्तकांच्या मोफत संकेतस्थळावर शोधत बसले आणि तिसऱ्या दिवशी तीच आवृत्ती स्कॅन केलेली सापडली. तीच नक्षी, तेच मुखपृष्ठ, फक्त कुठल्यातरी ग्रंथालयाचा शिक्का जास्त. मोबाइलवर उघडून दाखवली. दादांनी बोटानं पान मोठं केलं, डावीकडे सरकवलं, उजवीकडे सरकवलं, आणि पाच मिनिटांत फोन माझ्या हातात परत दिला. "अक्षर दिसायलंय बाई, पण वळ (ओळ) हातातून निसटायलीय."

माझ्या फोनची स्क्रीन ६.७ इंच आहे. रीडर बघायला लागले तेव्हा साधा रीडर ६ इंची निघाला. मला वाटलं, हा तर फोनहून लहान. इथं माझी पहिली चूक होत होती. इंच कर्णात मोजतात, आणि फोन उंच-अरुंद असतो. माझा फोन रुंदीला जेमतेम ७ सेंटिमीटर भरतो. ६ इंची रीडरची स्क्रीन ९ सेंटिमीटरहून थोडी जास्त रुंद असते. मी नववी-दहावीला गणित शिकवते, त्यामुळे पुढचं लगेच लक्षात आलं. बहुतेक रीडरच्या स्क्रीनची रुंदी आणि उंची ३ ला ४ या प्रमाणात असते. म्हणजे कर्ण ५. दहावीच्या पोरांना पाठ असतं ते पायथागोरसचं त्रिकूट. कर्णाला ५ ने भागा, ३ ने गुणलं की रुंदी, ४ ने गुणलं की उंची. ६ इंचाची स्क्रीन सुमारे ९.१ बाय १२.२ सेंटिमीटर. ७ इंचाची १०.७ बाय १४.२. ७.८ इंचाची ११.९ बाय १५.८. आणि १०.३ इंचाची १५.७ बाय २०.९, म्हणजे ए-फाइव्ह कागदाच्या जवळपास.

एका रविवारी आलेल्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदातून मी हे चारही आयत कापले. मग पट्टीनं पोथीचं पान मोजलं. पान १५.५ बाय २३.५ सेंटिमीटर, पण छापलेला मजकूर ११.५ बाय १९ एवढाच. हे दोन्ही आकडे वेगळे मोजणं फार महत्त्वाचं आहे. बहुतेक रीडरमध्ये पीडीएफच्या कोऱ्या कडा कापून फक्त मजकूर स्क्रीनवर बसवता येतो, त्यामुळे खरी तुलना मजकुराच्या आकाराशी करायची. मजकूर पूर्ण बसवला तर ६ इंचावर तो मूळच्या ६४ टक्के होतो, ७ इंचावर ७५, ७.८ वर ८३, आणि १०.३ वर चक्क ११० टक्के.

हे कागदावर ठीक, डोळ्यांना काय वाटतं ते बघायचं होतं. मी पोथीचं एक सुटं पान प्लास्टिकच्या पिशवीत घालून बसस्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले आणि त्याच पानाच्या ६४, ७५, ८३ आणि ११० टक्क्यांच्या प्रती काढल्या. एका प्रतीचे २ रुपये, एकूण ८. ज्यांना रीडर घ्यायचा आहे त्यांनी हे ८ रुपये आधी खर्च करा. घरी येऊन चारही प्रती कापून आयतांवर चिकटवल्या आणि दादांसमोर ठेवल्या. ६४ त्यांनी उचललीसुद्धा नाही. ७५ टक्क्यांत ओवी लागली, अर्थ नाही. ८३ टक्के खिडकीशी नेऊन वाचलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. ११० टक्क्यांची प्रत घेतली आणि ते वाचतच राहिले. मी समोर उभी आहे हे विसरून पानाच्या शेवटापर्यंत गेले.

त्या दिवशीच उत्तर मिळालं होतं, पण मी किमती बघितल्या. १०.३ इंची यंत्रं मला ३५ हजारांच्या पुढे दिसत होती. ७ इंची १७ हजारांच्या आत. घरात त्याच महिन्यात लेकाची कॉलेजची फी भरली होती. मी मनाशी म्हटलं, काहीतरी मधला मार्ग निघेल.

पहिला मधला मार्ग म्हणजे पीडीएफचं ई-बुक करून घेणं. ई-पब प्रकारच्या पुस्तकात मजकूर वाहता असतो, अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप नव्यानं मांडल्या जातात. मग स्क्रीन लहान असली तरी चालेल, असा माझा हिशोब. पोथी तर स्कॅनच होती, म्हणजे पानांचे फोटो, त्यात मजकूर नाहीच. पण दादांना वाचायची इतर पुस्तकं होती. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर कितीतरी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात, त्यातली काही उतरवून ठेवली होती. त्यातल्या एका जुन्या पुस्तकाचं रूपांतर केलं तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची एकसारखी पद्धत, रुळण्याआधी मराठी डीटीपी (संगणकावरची पानजुळणी) श्री-लिपीसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये होत असे. त्यात डोळ्यांना 'क' दिसतो, पण फाइलीच्या आत त्या जागी भलतंच चिन्ह साठवलेलं असतं. फाँट काढून घेतला की अर्थ गेला. तुमची पीडीएफ कशी आहे ते तपासायला एक ओळ कॉपी करून मोबाइलवर कुठेही पेस्ट करा. देवनागरी उमटली तर नशीब, नाहीतर ते पान आहे तसंच, चित्र म्हणून वाचावं लागणार, आणि मग स्क्रीनचा आकार टाळता येत नाही.

स्कॅनमधले शब्द कापून नव्या ओळींत मांडणारा केटूपीडीएफऑप्ट नावाचा मोफत प्रोग्रामही वापरून बघितला. गद्याला बरा चालला. ओवीची मात्र पार मोडतोड झाली.

ऑगस्टमध्ये शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी त्यांचा ६ इंची रीडर आठ दिवस वापरायला दिला. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण या आठ दिवसांत जे कळलं ते कुठल्या जाहिरातीत लिहिलेलं नसतं. यंत्र एवढं हलकं की दादा उताणे झोपून एका हातात धरू शकत होते. रीडरच्या ई-इंक स्क्रीनला पान दाखवत ठेवायला वीज लागत नाही, फक्त पान बदलायला लागते, म्हणून आठ दिवसांत चार्जर शोधावा लागला नाही. लाइट गेली तरी वाचन चालू. आतला दिवा डोळ्यावर येत नाही. दादांनी पहिल्यांदाच एखाद्या यंत्राला "कागदासारखं दिसायलंय" म्हटलं.

पण मराठी मजकूर ६ इंचावर मोठ्या अक्षरात लावला की एक वेगळीच अडचण येते. आपल्या भाषेत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात. 'महाविद्यालयाच्या', 'स्वातंत्र्यसैनिकांसाठी', 'घेतल्याशिवाय' असे लांब शब्द. इंग्रजीत शब्द ओळीच्या शेवटी तोडून जोडरेघ देतात, या रीडरवर मराठी शब्द तोडला जात नव्हता. दादांना सोसेल एवढं अक्षर केलं की एका ओळीत तीन शब्द बसायचे, कधी दोनच. दोन्ही कडा सरळ ठेवायच्या म्हणून यंत्र शब्दांमध्ये बोट जाईल एवढ्या फटी टाकायचं. वर देवनागरीला मात्रा-रफार वरती आणि उकार खालती, त्यामुळे ओळींमधलं अंतर कमी करता येत नाही. एका स्क्रीनवर आठ-नऊ ओळी. दादा वाचायचे कमी आणि पान उलटायचे जास्त. (उजवी कड सरळ ठेवण्याची सोय बंद केली की फटी जातात. ज्यांच्याकडे लहान रीडर आहे त्यांनी एवढं तरी करून बघा.) अभंगाचं तर बघवत नव्हतं. चरणाचा शेवटचा शब्द खालच्या ओळीत एकटा पडायचा आणि यमक कुठं संपलं ते कळायचंच नाही.

तरीही मी ११ सप्टेंबरला ७ इंची यंत्र मागवलं. किंमत १६,९९९. माझा युक्तिवाद असा होता: पोथीचा मजकूर ११.५ सेंटिमीटर रुंद, ७ इंचाची रुंदी १०.७. पान उंचीनं न बसवता रुंदीनं बसवलं तर अक्षर मूळच्या ९३ टक्के मिळतं. एक पान दोन टप्प्यांत वाचायचं, एवढंच. गणित बरोबर होतं.

१७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून घरी येते तोच कुरिअरवाल्याचा फोन. खोका उघडताना मी व्हिडिओ काढला, आणि ते बरं झालं. संध्याकाळी दिवा लावला तर खालच्या कडेला पिवळट पट्टा. ज्या विक्रेत्याकडून घेतलं त्याला रात्रीच फोटो आणि व्हिडिओ पाठवले. उत्तर आलं की सात दिवसांत वस्तू बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत. मागवताना हे मी वाचलंच नव्हतं. तुम्ही वाचा. 'परतावा' आणि 'बदली' या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि स्क्रीनचा आकार आवडला नाही हे बदलीचं कारण होत नाही.

मग अतिवृष्टी सुरू झाली. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांच्या घरचं सोयाबीन पाण्यात गेलं, काहींची जमीन खरवडून गेली. रस्ते बंद होते, कुरिअर बंद होतं, आणि त्या दिवसांत रीडरचा विचार करायचीही लाज वाटत होती. बदली यंत्र आलं ६ ऑक्टोबरला. हे निर्दोष होतं.

दादांनी ते मन लावून दोन आठवडे वापरलं. मला वाईट वाटू नये म्हणून वापरलं, हे मला नंतर कळलं. पहाटे मी बघायचे तर ते पानाचा वरचा भाग वाचून बोटानं टिचकी मारायचे, खालचा भाग यायचा, त्यात वरच्या दोन ओळी पुन्हा असायच्या, आणि नजर मधेच कुठंतरी उतरायची. ते थांबायचे, मागं जायचे, पुन्हा वर. एक दिवस रीडर बाजूला ठेवून त्यांनी जुनी पोथीच उघडली. मी विचारलं, "दादा, अक्षर लहान पडतंय का?"

"अक्षर न्हाई गं. जागा सापडंना. ही ओवी डाव्या पानाला खाली कोपऱ्यात ऱ्हाते. हितं ती कधी वर येते, कधी मधी. मला ओवी जागंवरून आठवते."

मला ऑपरेशननंतरचे ते दिवस आठवले. डोळे मिटून म्हणत असतानाही बरोबर ठिकाणी पान उलटणारा त्यांचा हात. पन्नास वर्षं एकच पोथी वाचणाऱ्या माणसाच्या मनात मजकूर पानाच्या आकारात बसलेला असतो. मी अक्षराची टक्केवारी काढत होते आणि त्यांना अख्खं पान एका नजरेत हवं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांपेक्षा जास्त हे लागलं की झेरॉक्सच्या दिवशी त्यांनी मला उत्तर देऊन ठेवलं होतं आणि मी ते किमतीपायी बाजूला सारलं.

दिवाळीच्या सुट्टीत, २५ ऑक्टोबरला, आम्ही दोघं छत्रपती संभाजीनगरला माझ्या मावसभावाकडे गेलो. त्याची मुलगी कायद्याचं शिकते, तिच्याकडे १०.३ इंची रीडर आहे. एसटीत ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आणि महिलांना अर्धं तिकीट, त्यामुळे यंत्र बघण्याचा खर्च फार आला नाही. त्याआधी मी एकदा लातूरलाही जाऊन आले होते, पण तिथं मी गेले त्या दोन्ही दुकानांत रीडर नव्हता.

भाचीनं दादांची पोथी तिच्या यंत्रात टाकली, कडा कापल्या आणि त्यांच्या हातात दिली. अख्खं पान, वर ओव्या, खाली अर्थ, डाव्या कोपऱ्यातली ओवी डाव्या कोपऱ्यात. दादा काही बोलले नाहीत. त्यांनी पुढचं पान काढलं, मग त्याच्या पुढचं. पण वीस मिनिटांनी मनगट दाबायला लागले. यंत्र कव्हरसकट अर्ध्या किलोच्या वर होतं. माझा चेहरा पडला. आता काय, म्हणजे लहान वाचवत नाही आणि मोठं पेलवत नाही.

तेव्हा वहिनी सहज म्हणाल्या, "पण दादा पोथी कधी हातात धरून वाचतात?"

खरंच की. पोथी हातात कुणीच धरत नाही. ती चौरंगावर, घडीच्या लाकडी स्टँडवर असते आणि दादा समोर मांडी घालून बसतात. सहा इंची यंत्र ते झोपून धरत होते म्हणून मी वजनाचा एवढा बाऊ केला होता, पण ती त्यांची वाचायची पद्धतच नव्हती. आडवं पडून वाचते ती मी. वहिनींच्या देवघरातलं स्टँड आणलं, रीडर त्यावर ठेवला, आणि दादा पुढचा तासभर उठले नाहीत.

आम्ही भाचीकडून बाकीच्या गोष्टीही समजून घेतल्या. १०.३ इंची सगळी यंत्रं सारखी नसतात. काहींची स्क्रीन इंचाला २२७ ठिपक्यांची असते, काहींची ३०० ची. पान मोठं असल्यानं २२७ सुद्धा वाईट दिसत नाही, पण 'ष्ट्र', 'क्ष्म', 'द्ध्य' अशी जोडाक्षरं बारीक टायपात आली की ३०० चा फरक कळतो. काही यंत्रांना आतला दिवाच नसतो. पहाटे पाचला वाचणाऱ्याला तो हवाच. रंगीत ई-इंक बघायला छान वाटलं तरी त्याची पार्श्वभूमी करडी दिसते, आणि दादांना पांढऱ्यावर काळं जेवढं ठसठशीत तेवढं बरं. शासन निर्णयासारखी ए-फोर कागदाची पीडीएफ १०.३ वरही मूळच्या ७० टक्केच होते, पण यंत्र आडवं केलं की रुंदी जवळजवळ पूर्ण मिळते आणि पान दोन टप्प्यांत वाचता येतं. मला शाळेची परिपत्रकं तशी वाचायला चालतात.

पैशांचं दादांनीच ठरवलं. ३ नोव्हेंबरला त्यांच्या हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत गेलो होतो. यादीत नाव शोधून सही करायला दीड तास लागला. सही झाल्यावर ते खिडकीशी थांबले आणि पैसे काढायची स्लिप मागितली. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "माझ्या डोळ्याचं हाय, माझ्या पेन्शनीतून होऊ दे. तू लेकराची फी बघ." ७ इंची यंत्र मी शाळेतल्या एका सरांच्या मुलीला १२,५०० ला दिलं, बिल आणि खोक्यासकट. साडेचार हजारांचा फटका बसला. बिल जपून ठेवलं होतं म्हणून एवढे तरी आले.

८ नोव्हेंबरला १०.३ इंची, ३०० ठिपक्यांचं, आतल्या दिव्याचं यंत्र मागवायला बसले तर आमच्या पिनकोडवर विक्रेता माल पाठवत नव्हता. लातूरला नणंदेच्या पत्त्यावर मागवलं. किंमत ३९,४००. नणंदेला आधीच सांगून ठेवलं होतं की खोका उघडू नका, पण बाहेरून दबलेला असेल तर फोटो काढा. १९ तारखेला तिथं पोचलं, २२ ला शनिवारी मी जाऊन आणलं. या वेळी मागवण्यापूर्वी विक्रेत्याला लिहून तीन गोष्टी विचारल्या होत्या: वॉरंटी भारतातली आहे का, दुरुस्तीला यंत्र कुठं पाठवायचं, आणि न आवडल्यास परतावा मिळेल का. उत्तराचा ईमेल जपून ठेवला आहे.

पोथीच्या फाइलीला थोडी मेहनत घ्यावी लागली. स्कॅनमधली काही पानं तिरकी होती, काहींच्या कडा कमी-जास्त. एकाच मापानं कडा कापल्या तर डावीकडच्या पानांवरची अक्षरं कापली जात. डाव्या आणि उजव्या पानांसाठी वेगळं माप दिलं तेव्हा जमलं. दोन संध्याकाळी गेल्या. फाइल मोठी आहे, उघडायला अर्धा मिनिट लागतो. दादा तेवढ्यात हात जोडून बसतात.

४ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, योगेश्वरीचा उत्सव. त्या पहाटे दादांनी नव्या यंत्रावर पहिल्यापासून पोथी लावली. जुनी पोथी आता लाल फडक्यात बांधून शेजारीच ठेवलेली असते. पहिल्या दिवशी एकदा त्यांनी सवयीनं पानाच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि उलटायला गेले. काचेवर बोट घसरलं, पान मात्र बदललं, कारण स्पर्शाची जागा नेमकी तीच होती.

माझे ते चार आयत शिक्षक खोलीच्या कपाटात आहेत. गेल्या आठवड्यात मराठीच्या सरांनी त्यातला ७.८ चा आयत नेला. त्यांना कवितासंग्रह वाचायचे आहेत आणि तेही झोपून. मी त्यांना आधी कवितेतली सगळ्यात लांब ओळ पट्टीनं मोजून आणायला सांगितलं आहे.